औषध तर सापडलं, पोचवायचं कसं?

साल १९६६. जागा अमेरिकेतलं नॉर्थ कॅरोलिना, रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटची प्रयोगशाळा. तुम्ही दाराशी उभे आहात आणि तुमच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. भूतकाळात शिरलेल्याला एवढी सवलत मिळते. अट एकच: बघायचं सगळं, बोलायचं काही नाही. ही अट पुढे तुम्हाला जड जाणार आहे, आत्ताच सांगून ठेवतो.

बाकाशी काम करणारे ४१ वर्षांचे रसायनशास्त्रज्ञ तुमच्या ओळखीचे असायला हवेत, पण बहुधा नाहीत. मनसुख वाणी. जन्म नंदुरबारचा, १९२५चा. मुंबई विद्यापीठात शिकले, इंडियाना विद्यापीठात पीएच.डी. केली आणि १९६२पासून मन्रो वॉल यांच्यासोबत इथे काम करतात. स्तनाच्या आणि बीजाशयाच्या कर्करोगावरचं प्रसिद्ध टॅक्सॉलही पुढे याच दोघांच्या हातून जगासमोर येणार आहे. खानदेशातल्या शाळांमध्ये मुलांना त्यांचं नाव सांगतात की नाही, कोण जाणे. सांगायला हवं.

समोरच्या काचेच्या भांड्यात फिकट पिवळ्या, बारीक सुया आहेत. दिवे मालवून अतिनील प्रकाश टाकला की त्याच सुयांचं द्रावण निळंशार चमकतं. कॅम्पटोथेका ॲक्युमिनाटा या चिनी झाडातून काढलेला हा पदार्थ, कॅम्पटोथेसिन. वॉल खरं तर कॉर्टिसोन बनवायला उपयोगी पडतील अशी वनस्पतिज द्रव्यं शोधत होते. त्यांच्याकडचे अर्क अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने तपासले, तेव्हा या एका झाडाच्या अर्काने उंदरांच्या रक्ताच्या कर्करोगावर जोरदार परिणाम दाखवला. आता त्या अर्कातला नेमका रेणू हाती आलाय आणि त्याची रचना याच वर्षी छापून येतेय. प्रयोगशाळेत आनंद आहे.

फक्त एक गोष्ट बघून ठेवा. त्या सुया पाण्यात टाकल्या तर तशाच राहतात. ढवळा, गरम करा, विरघळत नाहीत. आणि माणसाच्या शिरेतून द्यायचं औषध साधारणपणे पाण्यात विरघळावं लागतं. आतड्याच्या कर्करोगावर औषध वाहून नेणाऱ्या अतिसूक्ष्म कणांची, म्हणजे नॅनोकणांची, पुढची गोष्ट या एका अडचणीतून निघते.

चला, चार वर्षं पुढे.

१९७०. अमेरिकेतल्याच एका रुग्णालयाचा कर्करोग वॉर्ड. फिनाइलचा वास, लोखंडी खाटा, काचेच्या सलाईनच्या बाटल्या. पोटाच्या आणि आतड्याच्या कर्करोगाचे काही रुग्ण एका नव्या औषधाच्या चाचणीत आहेत. रसायनशास्त्रज्ञांनी तोडगा काढलाय: कॅम्पटोथेसिनचा सोडियम क्षार केला की तो पाण्यात विरघळतो. बाटलीतून तोच थेंबथेंब उतरतोय. सुरुवातीला एकदोन जणांच्या गाठी आकसल्यासारख्या वाटतात आणि डॉक्टरांच्या चेहऱ्यावर आशा दिसते.

मग त्रास सुरू होतो. उलट्या, जुलाब, रक्तातल्या पांढऱ्या पेशी घसरणं. आणि एक विचित्र गोष्ट: काहींना लघवीतून रक्त जायला लागतं, जळजळ इतकी की माणूस खाटेची कड घट्ट धरून बसतो. मूत्राशयाचं आतलं अस्तर सोललं जातंय. औषध गाठीसाठी दिलं आणि घाव बसला मूत्राशयावर. का, हे वॉर्डातल्या कुणालाही कळत नाही.

तुम्हाला मात्र ठाऊक आहे, कारण तुम्ही पुढच्या काळातून आलाय. कॅम्पटोथेसिनच्या रेणूत पाच कडी एकमेकांना जोडलेली असतात. शेवटचं कडं बंद असेल तरच औषध काम करतं. विरघळावं म्हणून त्याचा क्षार केला तेव्हा ते कडं उघडलं गेलं, म्हणजे औषध निम्मंअर्धं बाटलीतच मेलं. रक्त किंचित अल्कधर्मी असतं, तिथेही कडं उघडंच राहतं. वर रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन त्या उघड्या रूपाला धरून ठेवतं. लघवी मात्र आम्लधर्मी असते. तिथे पोचल्यावर कडं पुन्हा बंद होतं, औषध जिवंत होतं आणि समोर दिसेल त्या पेशींवर, म्हणजे मूत्राशयावर, तुटून पडतं. जिथे हवं तिथे मेलेलं, जिथे नको तिथे जिवंत.

सांगावंसं वाटतंय ना? पण अट आठवा. थोड्याच काळात चाचण्या बंद पडतात आणि कॅम्पटोथेसिन कपाटात जातं.

जाता जाता १९७२च्या मुंबईत डोकवा, फार वेळ लागणार नाही. गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रात टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांना सह्याद्रीतल्या एका झुडपात हेच कॅम्पटोथेसिन सापडलंय, तेही चिनी झाडापेक्षा भरपूर. झुडूप म्हणजे आपलं नरक्या. त्याच्या फुलांना घाण वास येतो. पुढे औषधाला मागणी आली आणि त्याच नरक्याची पश्चिम घाटात बेसुमार, बेकायदा तोड झाली. कपाटात गेलेल्या रेणूला पुढे भाव आला, याचा हा पहिला पुरावा समजा.

आता मागे. हो, मागेच, कारण तोडग्याचा दुसरा धागा त्याआधीच कुणाच्या तरी हाती लागला होता आणि त्यालाही त्याचा उपयोग माहीत नव्हता.

१९६१च्या आसपासचं बॅब्रहम, केंब्रिजजवळचं गाव. ॲलेक बँगम रक्ताचे अभ्यासक. त्यांचे सहकारी आर. डब्ल्यू. हॉर्न यांच्याकडे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आहे. दोघं लेसिथिन नावाचा स्निग्ध पदार्थ पाण्यात पसरवून बघतायत. अंड्याच्या बलकात असतो, तोच. खोलीत अंधार आहे, पडद्यावर हिरवट उजेड. वाकून बघा: एकात एक बसलेल्या गोल रेषा, कांद्याच्या चकतीसारख्या. लेसिथिनच्या रेणूचं एक टोक पाण्याकडे ओढ घेणारं, दुसरं पाण्याला टाळणारं. पाण्यात सोडलं की ते आपणहून दुहेरी पडदा विणतात आणि पडदा मिटून बंद पिशवी होते. आपल्या शरीरातल्या प्रत्येक पेशीचं आवरण याच कारागिरीचं. या पिशवीला पुढे लायपोसोम हे नाव मिळालं. आत पाणी, बाहेर पाणी, मधे चरबीचा पातळ पडदा.

दहा वर्षांनी, १९७१मध्ये, लंडनमध्ये ग्रेगरी ग्रेगोरियाडिस आणि ब्रेंडा रायमन याच पिशव्यांत प्रथिनं भरून उंदरांना टोचतात. कल्पना अशी की औषधही असंच भरून पाठवता येईल. पिशव्या कुठे जातात, हे बघायला थांबा. बहुतेक यकृतात आणि प्लीहेत. रक्तातलं परकं, बारीक काहीही गिळून टाकायची ड्यूटी तिथल्या पेशींची असते आणि त्या ती चोख बजावतात. वाहन तयार आहे, पण प्रत्येक फेरी एकाच नाक्यावर अडते. पुढे या पिशव्यांवर पॉलिएथिलीन ग्लायकॉलच्या साखळ्यांचं आवरण चढवलं गेलं, तेव्हा कुठे त्या रक्तात तासन्‌तास फिरू लागल्या. त्या आवरणाचं पहिलं मोठं औषध, डॉक्सिल, १९९५मध्ये मंजूर झालं. आत भरलं होतं डॉक्सोरुबिसिन, कर्करोगावरचं, पण हृदयाला इजा करणारं जुनंच औषध. ती इजा कमी झाली. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

एक गोष्ट मराठी वाचकाला सांगायलाच हवी. ही पिशवी आपल्याकडे परकी नाही. परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर यांच्या गटाने बुरशीवरचं अँफोटेरिसिन बी लायपोसोममध्ये भरून देशी औषध तयार केलं. साधं अँफोटेरिसिन मूत्रपिंडं झोडपतं, थंडी वाजून अंग हलतं. पिशवीतलं त्या मानाने सोसतं. २०२१च्या उन्हाळ्यात काळ्या बुरशीच्या साथीत नातेवाईक चिठ्ठी घेऊन ज्या इंजेक्शनसाठी दुकानामागून दुकान फिरत होते, ते लायपोसोमल अँफोटेरिसिनच. नॅनोकणांचं औषध तेव्हा आपल्यातल्या अनेकांनी हातात धरलं, नाव ठाऊक नसताना.

पुढचा थांबा १९८६, जपानच्या क्यूशू बेटावरचं कुमामोतो. हिरोशी माएदा आणि यासुहिरो मात्सुमुरा यांच्यासमोर गाठ असलेला उंदीर आहे. त्याच्या शिरेत त्यांनी इव्हान्स ब्लू नावाचा निळा रंग सोडलाय. तो रंग अल्ब्युमिनला चिकटतो आणि त्याच्यासोबत रक्तात फिरतो. काही वेळाने बघाल तर गाठ निळी. आजूबाजूची निरोगी ऊती मात्र जवळजवळ तशीच. कारण गाठ घाईघाईत वाढते, तिच्या रक्तवाहिन्या गळक्या नळासारख्या. बारीक कण भिंतीतून बाहेर झिरपतात. आणि ते वाहून न्यायला लसिका वाहिन्या तिथे नीट नसतात, त्यामुळे आत शिरलेलं आतच साठतं. म्हणजे कण योग्य मापाचा ठेवा, त्याला बराच वेळ रक्तात फिरू द्या, तो आपोआप गाठीत जमा होईल. पुढची तीस वर्षं जगभरच्या नॅनो-औषधांच्या प्रयोगशाळा या एका निरीक्षणावर चालणार आहेत.

यावर माझं मत थोडं कडू आहे, ते पुढे सांगतो. आधी कॅम्पटोथेसिन कपाटातून बाहेर कसं आलं ते बघू.

१९८३. जपानमधलीच याकुल्ट कंपनी. हो, तीच, फ्रीजमध्ये असते ती उपकारक जीवाणूंच्या पेयाची छोटी बाटली विकणारी. तिच्या रसायनशास्त्रज्ञांनी कॅम्पटोथेसिनला एक शेपूट जोडलं, त्यामुळे पाचवं कडं न उघडता ते पाण्यात विरघळू लागलं. हे इरिनोटेकॅन. यकृतात शेपूट तुटतं आणि एसएन-३८ नावाचं कितीतरी पट जहाल रूप तयार होतं. १९८५मध्ये हेही कळलं की कॅम्पटोथेसिन डीएनएचा पीळ सोडवणाऱ्या टोपोआयसोमरेज-१ या विकराला कापाकापीच्या मधल्या क्षणी पकडून ठेवतं, धागा तुटलेलाच राहतो आणि विभाजनाच्या गडबडीत असलेली पेशी मरते. १९९६मध्ये अमेरिकेत मोठ्या आतड्याच्या पसरलेल्या कर्करोगासाठी इरिनोटेकॅन मंजूर झालं.

आता थेट आजच्या डे-केअर केमो कक्षात बसा. फोल्फिरी नावाची पद्धत चालू आहे. इरिनोटेकॅन दीड तास शिरेतून. मग ५-फ्लुओरोयुरॅसिल, ते तर १९५७चं, विस्कॉन्सिनच्या चार्ल्स हायडेलबर्गर यांचं. ते रक्तात काही मिनिटांतच निम्मं संपतं, म्हणून एकदा सुई मारून भागत नाही. रुग्णाच्या कमरेला छोटा पंप बांधून ४६ तास थेंबथेंब सोडतात. पंप घेऊन माणूस घरी जातो, जेवतो, झोपतो. बाजूच्या खुर्चीवरची नातेवाईक बाई नर्सला विचारतेय, जुलाब सुरू झाले तर कधी फोन करायचा. नर्स सांगते: वाट बघू नका, पहिल्या पातळ शौचालाच गोळी सुरू करा, पाणी पाजत राहा.

हे जुलाब साधे नव्हेत. यकृत एसएन-३८ला साखरेच्या एका आम्लाची जोड देऊन निकामी करतं आणि पित्तावाटे आतड्यात ढकलतं. आतड्यातल्या जीवाणूंकडे ती जोड तोडणारं विकर असतं. त्यांना साखर हवी असते. ते जोड खातात आणि जहाल औषध पुन्हा मोकळं सुटतं, निरोगी आतड्याच्या अस्तरावर. आतड्यातल्या उपकारक जीवाणूंवर धंदा उभा केलेल्या कंपनीचं औषध आतड्यातल्या जीवाणूंमुळेच उलटावं, यावर हसावं की नाही, हे त्या खुर्चीत बसलेल्या माणसावर सोडू.

म्हणजे १९७०च्या वॉर्डातली तक्रार अजून तीच. औषध उत्तम, पत्ता चुकतोय.

२२ ऑक्टोबर २०१५ला दोन्ही धागे जुळतात. बँगमच्या पिशवीत वाणींच्या रेणूचा वारस भरलेला आहे. नाव ऑनिव्हाइड, आजच अमेरिकेत मंजूर झालेलं. कुपी हातात घ्या. साधं इरिनोटेकॅन पारदर्शक, फिकट पिवळं असतं. हे दुधट, अपारदर्शक आहे, कारण आत अब्जावधी पिशव्या तरंगतायत आणि प्रकाश विखुरतायत. एकेक पिशवी सुमारे ११० नॅनोमीटरची, केसाच्या जाडीच्या सातशे-आठशेव्या हिश्श्याएवढी. आत इरिनोटेकॅनचे सुमारे ८० हजार रेणू, एका शर्करा-सल्फेटाच्या संगतीने घट्ट गोठवलेले, म्हणून वाटेत गळत नाहीत. पाचवं कडं बंद. बाहेर पॉलिएथिलीन ग्लायकॉलचं आवरण. बॅब्रहम, लंडन, कुमामोतो, नॉर्थ कॅरोलिना, सगळं या एका कुपीत.

आणि तरी पाकिटावर काय लिहिलंय ते वाचा. मंजुरी स्वादुपिंडाच्या कर्करोगासाठी आहे, आतड्याच्या नव्हे. ज्या चाचणीवर ती मिळाली, त्यात ५-फ्लुओरोयुरॅसिल आणि त्याचा जोर वाढवणाऱ्या ल्युकोव्होरिनसोबत हे दिलेल्या रुग्णांचं मध्यक आयुर्मान ६.१ महिने भरलं, न दिलेल्यांचं ४.२. चौकटीत इशारा छापलाय: पांढऱ्या पेशी घटणं आणि जुलाब. जुलाब इथेही सुटले नाहीत.

मघाचं कडू मत आता सांगतो. उंदराची गाठ काही आठवड्यांत वाढते, शरीराच्या मानाने मोठी असते आणि तिच्या रक्तवाहिन्या खरोखर गळक्या असतात. माणसाची गाठ वर्षानुवर्षं हळू वाढते. कुठे गळते, कुठे नाही, एकाच रुग्णाच्या दोन गाठींत फरक पडतो. शिवाय गाठीच्या आत दाब इतका असतो की कण दाराशी आला तरी खोल शिरत नाही. २०१६मध्ये टोरोंटोच्या वॉरन चॅन यांच्या गटाने मागच्या दशकातल्या प्राण्यांवरच्या प्रयोगांचा हिशेब मांडला. शिरेतून दिलेल्या नॅनोकणांपैकी गाठीत पोचणारे कण, मध्यक काढला तर, ०.७ टक्के. बाकीचे बहुतेक यकृतात आणि प्लीहेत, ग्रेगोरियाडिसच्या नाक्यावर. त्यामुळे "नेमक्या कर्करोगाच्या पेशीवरच वार करणारं नॅनो-औषध" असा मथळा दिसला की मी आधी बघतो, प्रयोग कुणावर झाला. बहुतेक वेळा उंदरावर.

मग नॅनोकण फोल आहेत का? नाहीत. डॉक्सिलने हृदय वाचवलं, लायपोसोमल अँफोटेरिसिनने मूत्रपिंडं. या वाहनांची आजवरची खरी कमाई गाठीला जास्त मारण्यात नाही, बाकीच्या शरीराला कमी मारण्यात आहे. आणि ज्याला केमोचं सहावं चक्र घ्यायचंय, त्याच्यासाठी ती कमाई लहान नाही.

आतड्यापुरता एक वेगळा रस्ताही आहे: तोंडावाटे. पोटातल्या तीव्र आम्लात न विरघळणारं आणि लहान आतड्याच्या शेवटाशी, आम्लता उतरल्यावर विरघळणारं आवरण गोळीवर चढवतात. मोठ्या आतड्याच्या दाहावरच्या मेसालामाइनच्या गोळ्यांत हे तंत्र रोज वापरात आहे. दुसरी युक्ती म्हणजे नॅनोकण गवारीच्या डिंकात किंवा पेक्टिनमध्ये गुंडाळायचे. हे पदार्थ आपल्याला पचत नाहीत, मोठ्या आतड्यातल्या जीवाणूंना पचतात. इरिनोटेकॅनचा घात करणारे जीवाणू इथे कुलूप उघडायला कामाला लावलेत. प्रयोगशाळेत हे छान चालतं. अडचण अशी की आतड्याच्या कर्करोगाने माणूस दगावतो तो बहुधा आतड्यातल्या गाठीने नाही, तर आतड्याचं रक्त आधी यकृतात जातं आणि तिथे रोग पसरतो म्हणून. तोंडावाटे आतड्याच्या पृष्ठभागावर पोचवलेलं औषध तिथवर पुरत नाही.

भविष्यात न्यायची सोय माझ्याकडे नाही. म्हणून शेवटचा थांबा पुन्हा मागेच. १९६९, न्यूयॉर्क. वाणींचा रेणू वॉर्डात पोचतोय, नेमका तोच काळ. विल्यम वुल्फ आणि हिरोमी शिन्या रुग्णाच्या मोठ्या आतड्यात लवचीक दुर्बीण सरकवतायत. आतड्याच्या भिंतीवर देठ असलेला छोटा कोंब आहे, पॉलिप. शिन्या दुर्बिणीच्या नळीतून तारेचा फास सोडतात, देठाभोवती आवळतात, वीज सोडतात. पॉलिप गळून पडतो. पोट न उघडता. असा कोंब कर्करोगात बदललाच, तर त्याला साधारण दहा वर्षं लागतात. म्हणजे त्या माणसाचा पुढे होऊ शकणारा कर्करोग त्या दिवशीच संपला असेल. ना नॅनोकण, ना पंप, ना पत्त्याचा घोळ.

तेव्हा एक विनंती. शौचातून रक्त गेलं की आपल्याकडे घरातच निदान होतं: मूळव्याध, उष्णता, मिरची. बऱ्याचदा ते खरंही असतं. पण रक्त पुन्हा पुन्हा जात असेल, शौचाची सवय काही आठवडे बदललेली असेल, कारण नसताना वजन किंवा हिमोग्लोबिन उतरत असेल, किंवा आईवडील-भावंडांपैकी कुणाला हा रोग झालेला असेल, तर मेडिकलमधलं मलम लावून गप्प बसू नका. डॉक्टरांना स्पष्ट विचारा: मला कोलोनोस्कोपी लागेल का?